उसन्या नावाचा ग्रंथ

‘प्रेषितांची कृत्ये’च्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्सला येतो. गावभर मूर्ती पाहून त्याचा जीव जळतो, बाजारपेठेत भेटेल त्याच्याशी तो वाद घालतो आणि अखेर त्याला अरीयपगात, अथेन्सच्या जुन्या न्यायसभेपुढे, बोलायला उभं केलं जातं. एका वेदीवर कुणा अज्ञात देवाचा उल्लेख त्याने वाचलेला असतो. तोच धागा धरून तो बोलतो. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघाल्यावर काही जण थट्टा करतात, काही जण पुढे कधीतरी ऐकू म्हणून उठतात. ज्या मोजक्यांनी विश्वास ठेवला त्यांत दोन नावं आहेत : दिओनुस्य अरीयपगकर आणि दामारी नावाची एक स्त्री. दामारीचं पुढे काय झालं, कुणी सांगत नाही. दिओनुस्याबद्दल चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस एका जुन्या पत्राच्या आधारे एवढीच भर घालतो, की तो अथेन्सचा पहिला बिशप झाला. बस्स. एका ओळीचा माणूस.

पौलाच्या त्या भाषणानंतर साधारण साडेचारशे वर्षांनी, बहुधा सिरियात, ग्रीक लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती विचारवंताने हे नाव उचललं आणि त्या नावाने लिहायला घेतलं. ‘दैवी नामे’, ‘गूढ ईश्वरविद्या’, ‘स्वर्गीय श्रेणी’ आणि ‘ख्रिस्तसभेची श्रेणी’ असे चार ग्रंथ आणि दहा पत्रं, एवढंच त्याचं लेखन. सगळं मिळून एका मध्यम जाडीच्या पुस्तकात मावतं. पण मध्ययुगीन युरोपच्या धर्मविचाराचे दोन मोठे प्रवाह इथूनच निघाले. एक, अधिकाराची उतरंड : देवापासून देवदूत, देवदूतांपासून बिशप, बिशपपासून सामान्य माणूस. दुसरा, देवाविषयी ‘कळत नाही’ इथवर पोहोचण्याची साधना. पहिला प्रवाह पोपच्या फर्मानापर्यंत गेला, दुसरा एकांतात बसलेल्या साधकांपर्यंत. या मागोव्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मूळ पुस्तकात हे दोन वेगळे नव्हतेच. शिडी होती ती माणसाला त्या न-कळण्यापर्यंत नेण्यासाठी. वाटणी वारसांनी केली.

आधी नावाची गोष्ट. या लेखकाने नुसती सही ठोकली नाही, सगळा काळ उभा केला. ग्रंथ पौलाच्या लाडक्या तीमथ्याला उद्देशून आहेत. पत्रांपैकी एक तीताला, एक पोलिकार्पला, आणि शेवटचं पात्म बेटावर हद्दपारीत असलेल्या योहानाला. पोलिकार्पच्या पत्रात तो सांगतो, की ख्रिस्ताच्या क्रूसाच्या वेळी आकाश काळवंडलं ते आपण मित्रासोबत हेलिओपोलिसहून डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या एका ठिकाणी पेत्र आणि याकोब हजर असलेल्या एका मेळाव्याचं वर्णन येतं. पुढच्या वाचकांनी तो मरियेच्या देहावसानाचा प्रसंग मानला. इतक्या जवळच्या साक्षीदाराचं लिखाण म्हटल्यावर त्याचं वजन थेट प्रेषितांच्या खालोखाल.

पण सोंगाला फटी होत्या. त्याच्या पुस्तकातल्या उपासनेत श्रद्धासूत्र म्हटलं जातं. ही प्रथा अंत्युखियात पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. त्यात संन्यासदीक्षेचा विधी आहे. पहिल्या शतकात ख्रिस्ती मठवासी कुठून येणार? आणि सगळ्यात मोठी फट म्हणजे प्रोक्लस. अथेन्सच्या प्लेटोवादी पीठाचा हा प्रमुख ४८५मध्ये वारला. ख्रिस्ती धर्माशी त्याचं काडीचंही सख्य नव्हतं. वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे, हे सांगणारा ‘दैवी नामे’चा चौथा अध्याय याच प्रोक्लसच्या एका निबंधाला चिकटून चालतो.

याला कुणी सरळ लबाडी म्हणेल. मला ते पुरेसं वाटत नाही. ४५१च्या खाल्सेदोन परिषदेनंतर पूर्वेकडची ख्रिस्तसभा ख्रिस्ताच्या स्वरूपावरून दुभंगली होती आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या शब्दाशब्दावर नजर ठेवून होत्या. अथेन्सचं तत्त्वज्ञान संशयाच्या छायेत होतं. ५२९मध्ये सम्राट जस्टिनियनने तिथलं तत्त्वज्ञानाचं अध्यापनच बंद करवलं. अशा काळात प्रोक्लसची सगळी विचारसंपदा ख्रिस्ती उपासनेच्या आत आणायची, तर कुणाच्या तोंडून? पौलाचं ऐकून वळलेल्या अथेन्सकराच्या तोंडून. या निवडीतच लेखकाचं म्हणणं आलं : अथेन्सला जे अर्धवट दिसलं होतं ते पौलाने पूर्ण केलं. अज्ञात देवाची वेदी हा त्याच्या लेखी योगायोग नव्हता. त्याचं सगळं लिखाण त्या अज्ञात देवाविषयीच आहे.

आता आत काय आहे ते पाहू. देव चांगला आहे, प्रकाश आहे, जीवन आहे असं म्हणावं, कारण हे सगळं त्याच्यापासून आलं. मग म्हटलेलं एकेक मागे घ्यावं, कारण यांतल्या कशासारखाही तो नाही. आणि शेवटी ते नाकारणंही सोडून द्यावं, कारण देव ‘आहे’च्या मुठीत मावत नाही तसा ‘नाही’च्याही मावत नाही. ‘गूढ ईश्वरविद्या’ हा पाच लहानशा अध्यायांचा ग्रंथ एवढंच करतो आणि थांबतो. सिनाय पर्वतावर मोशे ढगात शिरतो, तिथे दिसण्यासारखं काही उरत नाही, आणि तिथेच देवाशी मिलन होतं. ‘स्वर्गीय श्रेणी’त याच विचाराचा एक धीट भाग आहे. शास्त्रात देवाला सूर्य म्हटलंय, सिंह म्हटलंय, आणि स्तोत्रात किडाही म्हटलंय. दिओनुस्य म्हणतो, उदात्त प्रतिमांपेक्षा या हीन प्रतिमाच बऱ्या. सोन्यासारख्या झळाळत्या पुरुषांचं वर्णन वाचून एखाद्याला वाटेल की स्वर्गात खरोखरच तसं कुणी आहे. देव म्हणजे खरोखर किडा आहे असं मात्र कुणाला वाटणार नाही. त्यामुळे मन प्रतिमेपाशी अडकत नाही, पुढे सरकतं.

मराठी वाचकाला इथे बृहदारण्यकातलं ‘नेति नेति’ आठवणारच. साम्य खरं आहे, पण त्यावरून उसनवारीची कथा रचू नये. या नकाराची वंशावळ हाताला लागते : प्लेटोवादी प्लोटायनस आणि प्रोक्लस, आणि ख्रिस्ती बाजूने चौथ्या शतकातला निसाचा ग्रेगरी, ज्याने ढगात शिरणाऱ्या मोशेवर आधीच लिहून ठेवलं होतं. शिवाय दिओनुस्याचा नकार उपासनेच्या आत घडतो. धूप, अभिषेकाचं तेल, भाकर, द्राक्षारस, बाप्तिस्म्याचं पाणी यांच्यातून माणूस वर चढतो. त्यासाठीच ती श्रेणी. वर तीन-तीनच्या गटांत देवदूतांचे नऊ वर्ग : सराफीम, करूबीम, राजासने, स्वामित्वे, सामर्थ्ये, अधिकार, आधिपत्ये, प्रमुख देवदूत, देवदूत. खाली बिशप, धर्मगुरू, डीकन; त्यांच्याखाली मठवासी, श्रद्धावंत आणि अजून शुद्ध होत असलेले. प्रत्येक पायरीचं काम एकच : वरून आलेला प्रकाश अडवून न ठेवता खालच्याला देणं. शुद्ध करणं, उजळवणं, पूर्ण करणं. श्रेणीची त्याने दिलेली व्याख्याच अशी आहे, की जिच्यामुळे माणूस आपल्या कुवतीप्रमाणे देवासारखा होतो ती श्रेणी.

ही श्रेणी प्रत्यक्षात कशी चालायची हे आठव्या पत्रात दिसतं. मला हे पत्र सगळ्या संग्रहात जास्त प्रिय आहे. देमोफिलस नावाचा एक मठवासी. एक पापी माणूस धर्मगुरूच्या पाया पडून क्षमा मागतो आणि धर्मगुरू त्याला जवळ करतो. देमोफिलसला ते खपत नाही. तो त्या पश्चात्तापी माणसाला लाथ मारतो, धर्मगुरूला हाकलतो, गाभाऱ्यात घुसतो आणि पवित्र वस्तू विटाळतील म्हणून त्या स्वतःच्या ताब्यात घेतो. वर हे सगळं अभिमानाने दिओनुस्याला कळवतो. उत्तरात दिओनुस्य त्याला दोन गोष्टी सांगतो. एक, धर्मगुरू चुकला असता तरी त्याला सुधारणं मठवाशाचं काम नव्हतं. ज्याला स्वतःच्या आत रागावर विवेकाची सत्ता ठेवता आली नाही, तो दुसऱ्यावर कसली सत्ता गाजवणार? दुसरी म्हणजे क्रेतमधल्या कार्पसची गोष्ट. कार्पस हा भला माणूस. एका परधर्मीयाने नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या एकाला मागे ओढलं. कार्पसचा संताप अनावर झाला. मध्यरात्री उठून त्याने प्रार्थना केली, की या दोघांवर वीज पडो. तेवढ्यात घर दुभंगलं, आकाश उघडलं, वर येशू बसलेला दिसला. खाली एक खोल खड्डा, त्याच्या काठावर ती दोन माणसं थरथरत उभी, साप त्यांना आत ओढताहेत. कार्पसला बरं वाटतं. ते अजून पडत का नाहीत म्हणून तो चडफडतो. मग तो वर पाहतो, तर येशू आसनावरून उठून खाली उतरलेला, त्या दोघांना हात देत असलेला. तो कार्पसला सांगतो, आता मला मार. माणसांना वाचवण्यासाठी मी पुन्हा सोसायला तयार आहे.

हेच पत्र आज्ञापालनाचा धडा म्हणून वाचता येतं आणि वाचलं गेलंही. पण श्रेणीच्या माथ्यावर कोण आहे आणि तो काय करतो, हे कार्पसच्या गोष्टीने सांगून ठेवलंय. माथ्यावरचा खाली उतरतो.

पुस्तक बाहेर आलं तेव्हाच संशयही आला. ५३२मध्ये कॉन्स्टँटिनोपलला खाल्सेदोन मानणारे आणि न मानणारे बिशप समोरासमोर बसले. न मानणाऱ्यांनी दिओनुस्याचा दाखला दिला. इफिसचा बिशप हिपाटियस म्हणाला, हे लिखाण खरंच प्रेषितकाळातलं असतं तर अथनेशियस, सिरिल यांच्यासारख्या आधीच्या धर्मवेत्त्यांना ते ठाऊक नसतं का? प्रश्न बिनतोड होता. पण त्याला उत्तर देण्याची गरजच पडली नाही, कारण लवकरच हिपाटियसच्या बाजूच्यांनाही हे पुस्तक हवंसं वाटू लागलं. स्किथोपोलिसच्या योहानाने त्यावर टिपा लिहून ते निर्दोष ठरवलं. सातव्या शतकात माक्सिमस कन्फेसर या मोठ्या धर्मवेत्त्याने त्यातून स्वतःचा विचार उभा केला. प्रोक्लसशी असलेलं साम्य लपत नव्हतं, तर आरंभीच्या टीकाकारांनी उलटा निवाडा दिला : प्रोक्लसनेच दिओनुस्याचं चोरलं!

पश्चिमेकडचा प्रवास एका वस्तूपासून सुरू होतो आणि ती वस्तू आजही आहे. ८२७च्या सप्टेंबरमध्ये बायझंटाइन सम्राट दुसऱ्या मिखाएलचे दूत फ्रँकांच्या दरबारी आले. शार्लमेनचा मुलगा लुई याला त्यांनी आणलेल्या भेटींत दिओनुस्याच्या लेखनाची एक ग्रीक पोथी होती. चर्मपत्रावर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेली. शब्दांमध्ये जागा न सोडता सलग. ती पॅरिसजवळच्या सँ दनी मठात नेण्यात आली आणि सँ दनीच्या सणाच्या आदल्या रात्री पोहोचली. त्या रात्री मठात एकोणीस आजारी बरे झाल्याचं मठाधिपती हिल्दुईनने लिहून ठेवलंय. आज ही पोथी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘ग्रीक ४३७’ या क्रमांकाने जपलेली आहे.

सँ दनीच्या मठातच का? दनी हे दिओनुस्यचंच फ्रेंच रूप. तिसऱ्या शतकाच्या मध्याला पॅरिसचा बिशप दनी हुतात्मा झाला होता. त्याच्या कबरीवर हा मठ, आणि मठात फ्रान्सच्या राजांच्या समाध्या. हिल्दुईनने त्या संताचं चरित्र लिहिलं आणि तीन माणसांचा एक माणूस केला : पौलाचा शिष्य दिओनुस्य, ग्रंथ लिहिणारा दिओनुस्य आणि पॅरिसचा दनी. अथेन्सचा बिशप पोपच्या सांगण्यावरून गॉलला आला, पॅरिसला त्याचा शिरच्छेद झाला, आणि आपलं मुंडकं हातात घेऊन तो दफनाच्या जागेपर्यंत चालत गेला. चर्चच्या दारांवर मुंडकं हातात घेतलेला बिशप कोरलेला दिसतो, तो हाच. फ्रान्सच्या राजसंताला प्रेषितांचा शिष्य हे पद मिळालं, आणि पुस्तकाला राजाश्रय.

हिल्दुईनने भाषांतरही करवलं. त्यातल्या चुकांच्या जातीवरून अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा, की एकजण ग्रीक मोठ्याने वाचत होता, दुसरा ऐकून तोंडी लॅटिन करत होता आणि तिसरा लिहून घेत होता. शब्दांत जागा नसलेल्या पोथीत कुठे तोडायचं ते चुकलं, की वाक्याचा अर्थच फिरे. हे भाषांतर कुणाला नीट वाचता आलं नाही. तीसेक वर्षांनी शार्लमेनचा नातू चार्ल्स याच्या दरबारातला आयरिश पंडित योहान एरियुजेना याने नवं भाषांतर केलं. पोपच्या ग्रंथालयाचा प्रमुख अनास्तासियस ते पाहून चकित झाला. जगाच्या टोकाला राहणाऱ्या त्या रानटी माणसाला हे कसं जमलं असेल, अशा अर्थाचं त्याने ८७५मध्ये राजाला लिहिलं. एरियुजेना नुसता भाषांतरकार राहिला नाही. देव स्वतःलाही ‘काय’ म्हणून जाणत नाही, कारण तो ‘काय’ नाहीच, इथवर तो गेला. तेराव्या शतकात पोपने त्याचा मुख्य ग्रंथ जाळायला लावला. गुरूच्या नावावर जे पूज्य होतं ते शिष्याच्या नावावर धोक्याचं ठरलं. नावाने काय राखलं ते इथे दिसतं.

नावाला हात लावला तर काय होतं, हे पीटर आबेलारला कळलं. १२व्या शतकातला हा पॅरिसचा नामवंत तार्किक ११२१च्या सुमाराला सँ दनीत मठवासी होता. जुना इंग्रज मठवासी पंडित बीड याच्या एका टीकेत त्याला वाचायला मिळालं, की अरीयपगकर दिओनुस्य अथेन्सचा नव्हे, करिंथचा बिशप होता. त्याने ते सहज मठातल्या भावांना दाखवलं. मठ पेटला. बीड खोटा, हिल्दुईन खरा. हिल्दुईनने ग्रीसभर हिंडून शोध घेतला होता! मठाधिपतीने आबेलारला राजाच्या हवाली करण्याची धमकी दिली, कारण हा राज्याच्या मुकुटाचा अपमान होता. आबेलार रात्रीच्या अंधारात पळाला. दुःख वाटतं ते याचं, की बीडचं म्हणणंही चुकीचंच होतं. त्याने एका दिओनुस्याची दुसऱ्याशी गल्लत केली होती. प्रश्न योग्य होता, पुरावा अपुरा, आणि ऐकणारे कुणी नाहीत.

त्यानंतर लगेच सुजे मठाधिपती झाला. त्याने सँ दनीच्या चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधून ११ जून ११४४ रोजी त्याची प्रतिष्ठापना केली : बारीक खांब, टोकदार कमानी, आणि भिंतींच्या जागी रंगीत काचा. गॉथिक वास्तुकलेचा आरंभ इथे मानतात. सुजेने स्वतः लिहिलंय, की रत्नांचा आणि काचांचा प्रकाश मनाला वरच्या प्रकाशाकडे नेतो. कलेतिहासकार एर्विन पॅनोफ्स्कीने १९४६मध्ये हे थेट दिओनुस्याशी जोडलं. नंतरच्या काहींनी सुजेने खरंच त्याला इतकं वाचलं होतं का, अशी शंका घेतली. ती शंका रास्त आहे. पण जिथे ती पोथी होती, ज्याच्या नावाचं ते चर्च होतं, तिथे प्रकाश वरून खाली झिरपतो ही भाषा हवेतच असणार.

मग विद्यापीठांचं शतक. कोलोनला थोरल्या आल्बर्टने दिओनुस्यावर व्याख्यानं दिली. ऐकणाऱ्यांत विशीतला थॉमस ॲक्वायनस होता. त्या व्याख्यानांची त्याच्या हातची नक्कल नेपल्सच्या ग्रंथालयात आहे. पुढे थॉमसने स्वतःच्या लेखनात दिओनुस्याचे दाखले दिले ते सुमारे १,७०० वेळा. पण तो मान तुकवून मागे चालणारा नव्हता. देव काय आहे हे आपल्याला कळत नाही, काय नाही एवढंच कळतं, हे त्याने मान्य केलं. पण देवाला चांगला म्हणताना आपण केवळ ‘तो वाईट नाही’ एवढंच म्हणत नसतो, खरंच काही म्हणत असतो, हेही त्याने ठासून मांडलं. दिओनुस्याचा अंधार त्याने तर्काच्या उजेडाला सोसवेल इतकाच ठेवला.

याच थॉमसबद्दलची एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. १२६८मध्ये प्रोक्लसच्या एका मुख्य ग्रंथाचं लॅटिन भाषांतर झालं. तोवर ‘कारणांचा ग्रंथ’ नावाचं एक पुस्तक ॲरिस्टॉटलचं म्हणून शिकवलं जाई. थॉमसने दोन्ही शेजारी ठेवली आणि ओळखलं, की हे ॲरिस्टॉटलचं नव्हे, प्रोक्लसमधून काढलेलं आहे. त्या टीकेत तो तीन पुस्तकं एकत्र चालवतो : प्रोक्लस, ‘कारणांचा ग्रंथ’ आणि दिओनुस्य. एका उसन्या नावाचा पडदा त्याने स्वतः ओढला. दुसरा तिथेच, हाताच्या अंतरावर होता. दिओनुस्याची शैली प्लेटोवाद्यांची आहे एवढं त्याने नोंदवलं, पण पौलाच्या शिष्यावर संशय घेणं त्याला सुचलं नाही.

दरम्यान शिडीचं राजकारण सुरू झालं होतं. १२५०च्या दशकात पॅरिस विद्यापीठात भिक्षू शिक्षकांविरुद्ध वाद पेटला, तेव्हा गिय्योम द सँतामूरने दिओनुस्याकडेच बोट दाखवलं : मठवासी हे शिकणाऱ्यांच्या पायरीवर, ते इतरांना कसे शिकवणार? उलट बाजूने फ्रान्सिस्कन बोनाव्हेंचरने दिओनुस्याचं शुद्धी-प्रकाश-पूर्णता हे त्रिक घेऊन साधनेच्या तीन वाटा आखल्या, आणि ईश्वराकडच्या प्रवासावरचा आपला ग्रंथ दिओनुस्याच्या अंधारात नेऊन संपवला. त्याच्याकडे दोन्ही धागे अजून एकत्र आहेत.

ते तुटले १३०२मध्ये. पोप बोनिफेस आठवा आणि फ्रान्सचा राजा फिलिप चौथा यांचं करवसुलीवरून आणि धर्मगुरूंवरच्या अधिकारावरून हाडवैर जुंपलं होतं. १८ नोव्हेंबरला पोपने फर्मान काढलं. त्यातला एक मुख्य आधार दिओनुस्य : खालच्या वस्तू मधल्यांमार्फतच वरपर्यंत पोहोचतात, हा दैवी नियम; म्हणून राजाची तलवार धर्माच्या तलवारीखाली, आणि तारणासाठी प्रत्येक मनुष्यप्राण्याने रोमच्या पोपच्या अधीन असणं आवश्यक. मूळ पुस्तकात पोप नाहीच, बिशपपाशी श्रेणी संपते. प्रकाश खाली पोहोचवण्यासाठी जी पायरी होती, ती आता ओलांडायची परवानगी मागण्याची जागा झाली. आणि ज्या राजाविरुद्ध हा दाखला वापरला, त्याच्या घराण्याचा कुलसंत तोच दिओनुस्य! पुढच्या वर्षी फिलिपच्या माणसांनी पोपला अनाग्नीत घेरलं. त्यानंतर महिन्याभराने पोप वारला.

याच बोनिफेसमुळे देशोधडीला लागलेल्या दांतेने दिओनुस्याला स्वर्गातच बसवलं. देवदूतांचे नऊ वर्ग कोणत्या क्रमाने, यावर पोप ग्रेगरीचं मत दिओनुस्याहून थोडं वेगळं होतं. ‘पारादिसो’च्या अठ्ठाविसाव्या सर्गात सांगितलंय, की ग्रेगरीने स्वर्गात डोळे उघडले तेव्हा खरा क्रम पाहून त्याला स्वतःचंच हसू आलं. पोपही चुकतो आणि चूक कळल्यावर हसतो, हे दांतेने देवदूतांच्या क्रमासारख्या विषयात म्हणून ठेवलं.

अंधाराचा धागा वेगळ्या माणसांकडे गेला. जर्मनीत एकहार्टने लोकभाषेतल्या प्रवचनांत देवापलीकडच्या देवाविषयी सांगितलं; १३२९मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या अठ्ठावीस विधानांवर पोपचा ठपका आला. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका निनावी लेखकाने ‘न-कळण्याचा ढग’ लिहिला आणि ‘गूढ ईश्वरविद्या’ लोकांच्या इंग्रजीत आणली. त्याने एक मोठा बदल केला : बुद्धी जिथे थांबते तिथून पुढे प्रेम जातं. दिओनुस्यात हे इतकं उघड नव्हतं. कुसाच्या निकोलसने १४४०मध्ये शहाण्या अज्ञानावर ग्रंथ लिहिला. त्याने आपल्या प्रतीच्या समासात नोंदही केली, की अँब्रोज, ऑगस्टीन, जेरोम या जुन्या धर्मवेत्त्यांनी दिओनुस्याचा उल्लेख केला नाही हे नवल आहे. हिपाटियसचाच प्रश्न, नऊशे वर्षांनी. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये क्रूसाच्या योहानाने अंधाऱ्या रात्रीच्या कवितांवर भाष्य करताना पुन्हा दिओनुस्यालाच साक्षीला बोलावलं.

निकोलसने समासात लिहिलं ते त्याच्याच काळातल्या लोरेन्झो वाल्लाने उघड म्हटलं. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला राज्य दान दिल्याचा दस्तऐवज खोटा आहे हे त्याने आधीच सिद्ध केलं होतं. नव्या करारावरच्या टिपांत त्याने विचारलं, की अरीयपगाच्या न्यायसभेतला माणूस असली पुस्तकं लिहील का, आणि जुन्यांपैकी कुणालाच ती कशी ठाऊक नाहीत. १५०५मध्ये इरॅस्मसने त्या टिपा छापल्या आणि शंका युरोपभर गेली. १५२०मध्ये ल्यूथरने तर दिओनुस्यात ख्रिस्तापेक्षा प्लेटोच जास्त आहे म्हणून त्याला घातक ठरवलं. वाद पुढे पावणेचारशे वर्षं रेंगाळला. १८९५मध्ये ह्यूगो कोख आणि योसेफ श्टिग्लमायर या दोन जर्मन अभ्यासकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रोक्लसचा निबंध आणि ‘दैवी नामे’चा चौथा अध्याय समोरासमोर ठेवले आणि कोण कुणावरून लिहितोय ते दाखवून दिलं. तेव्हापासून लेखकाच्या नावाला ‘छद्म’ हे विशेषण लागलं. तो खरा कोण, यासाठी अनेक नावं पुढे आली. एकही टिकलं नाही.

१४ मे २००८च्या सार्वजनिक भेटीत पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी या लेखकावर बोलताना त्याने नाव लपवलं ते नम्रतेपोटी, स्वतःची कीर्ती नको म्हणून, असं मत मांडलं. मला हे अर्धंच पटतं. नम्र माणूस निनावी राहू शकला असता, त्या इंग्रज लेखकासारखा. हेलिओपोलिसहून पाहिलेला काळोख त्याला रचावा लागला नसता. त्याला ते नाव हवं होतं, कारण सहाव्या शतकात कुण्या अनोळखी सिरियनाच्या हातून प्रोक्लस कुणी घेतला नसता. आणि त्या नावाची किंमत पुढच्यांनी मोजली : आबेलारने, एरियुजेनाच्या ग्रंथाने, बोनिफेसच्या फर्मानाखाली आलेल्यांनी.

नाव गळून पडल्यावरही पुस्तक वाचलं जात राहिलं, आणि आता ते नावासाठी नव्हे. पॅरिसमधल्या रशियन निर्वासितांपैकी व्लादिमिर लॉस्कीने १९४४मध्ये पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेच्या गूढ ईश्वरविद्येवर ग्रंथ लिहिला, त्याचा पाया दिओनुस्याचा नकार आहे. त्याआधी, १९४०–४१मध्ये, नेदरलँड्समधल्या एख्तच्या कार्मेल मठात एडिट श्टाइन दिओनुस्यावर प्रबंध लिहीत होत्या. ज्यू घरात जन्मलेल्या, तत्त्वज्ञ हुसर्लच्या हाताखाली तयार झालेल्या या तत्त्वचिंतक जर्मनीतून तिथे आसऱ्याला आल्या होत्या. १९४२च्या ऑगस्टमध्ये आउश्वित्झला त्यांचा खून झाला. ज्यांच्या काळात छद्म हे विशेषण सर्वमान्य झालेलं होतं, अशा वाचकांपैकी त्या. दिओनुस्य आपल्या ग्रंथांत ‘प्रतीकात्मक ईश्वरविद्या’ या आपल्या आणखी एका पुस्तकाचा हवाला देतो. ते हरवलं, किंवा लिहिलंच गेलं नाही. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो नेमकं हे पुस्तक, आणि हाती असलेल्या ग्रंथांवरून त्यात काय असू शकलं असतं ते मांडलं.